वेटेड ब्लँकेट घेताय? आधी या चुका टाळा

परळला घरच्या घरी माझं शिवणकाम चालतं. मूळ काम गोधड्यांचं. गेली काही वर्षं वेटेड ब्लँकेटही, म्हणजे अंगावर दाब येऊन शांत झोप लागावी म्हणून आत मणी भरून जड केलेलं पांघरूणही शिवते आणि बाहेरून घेतलेली उसवली, सांडली की दुरुस्त करून देते. दर आठवड्याला कुणीतरी गठ्ठा आणून ठेवतं आणि म्हणतं, "ताई, पैसे वाया गेले." मी ते उलगडते, दोन-चार प्रश्न विचारते, आणि चुका त्याच त्याच निघतात. आता प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते.

जितकं जड तितकी गाढ झोप, हा समज

शरीराच्या वजनाच्या १० टक्के, हा आकडा सगळ्यांनी ऐकलेला असतो. तो ढोबळ अंदाज आहे. ६० किलोच्या माणसाला ६ किलो, इतकाच त्याचा अर्थ. पण घाई असलेली माणसं तिथून सुरुवात करून वरच जातात.

गिरगावातल्या एका चाळीतून एक मुलगा माझ्याकडे आला होता. आई गेल्यापासून वडिलांची झोप उडालेली. वडिलांचं वय ७८, वजन ५२ किलो, उजवा खांदा दुखरा. याने ऑनलाइन थेट ९ किलोचं मागवलं, लवकर गुण येईल म्हणून. पहिल्याच रात्री पहाटे चारच्या सुमारास आजोबांना लघवीला जायचं होतं आणि अंगावरचं ते ओझं त्यांना बाजूला सारता येईना. मुलगा माळ्यावर झोपलेला. एक हाक मारली असती तर तो धावत आला असता. त्यांनी मारली नाही. "तो दिवसभर दमतो, त्याला कशाला उठवायचं," असं त्यांनी नंतर सांगितलं. साडेसहाला मुलगा खाली उतरला तेव्हा अंथरूण भिजलेलं होतं आणि आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. हे सांगताना त्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही.

त्या ब्लँकेटची शिवण उसवून मी त्यांच्यासाठी फक्त गुडघ्यांपासून पावलांपर्यंतचं, २ किलोचं पांघरूण शिवलं. तेव्हापासून मी एक नियम धरलाय. ब्लँकेट घ्यायला येणाऱ्याला आधी चटईवर आडवं व्हायला लावते, अंगावर घालते आणि सांगते, आता एका हाताने काढून टाका. जमलं नाही तर वजन कमी करायचं, त्यावर वाद नाही. बहुतेकांना मी १० टक्क्यांच्याही खालीच ठेवते. ६० किलोच्या बाईला साडेचार किलो पुरतात, असा माझा अनुभव आहे.

घोरता घोरता मध्येच श्वास अडकत असेल, दमा किंवा फुप्फुसाचं दुखणं असेल, मधुमेहाने पायांची जाणीव कमी झाली असेल, बंद जागेत जीव घाबरत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. तान्ह्या बाळासाठी तर कुणीही कितीही आग्रह केला तरी मी शिवत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२२ च्या सूचनांमध्ये बाळांच्या अंगावर किंवा जवळ अशा वजनदार वस्तू ठेवू नका, असं स्पष्ट सांगितलंय.

मुंबईची हवा विसरणं

ही दुसरी चूक मला फार छळते. हे पांघरूण लोकप्रिय झालं ते थंड देशांत. तिकडचे फोटो बघून आपल्याकडची माणसं मखमलीसारखं मऊ पॉलिस्टरचं ब्लँकेट घेतात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात, पंख्याखाली, अंगावर ओढतात. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. आपल्या दमट हवेत घाम आधीच वाळत नाही, त्यावर पॉलिस्टरचे दोन थर आणि आतला कापूस. मग माणूस एक वाजता उठून बसतो आणि म्हणतो, याने माझी होती ती झोपही गेली. खरंच गेलेली असते.

एसी असेल तर २४ ते २६ वर ठेवा आणि खोळ सुतीच घ्या. मी आतून मांजरपाट आणि वरून धुतलेलं जुनं सुती कापड लावते, कापूस अजिबात भरत नाही. एसी नसेल तर डिसेंबर-जानेवारी सोडून पूर्ण अंगावर घेण्याचा हट्ट सोडा. त्याऐवजी दीड-दोन किलोचं छोटं पांघरूण मांडीवर आणि पायांवर घ्या, झोपण्याआधी अर्धा तास, मोबाइल दूर ठेवून. मी स्वतः एप्रिलपासून असंच करते. छाती मोकळी, पोटऱ्यांवर वजन. दिवसभर मशीनवर पाय मारून झाल्यावर तो दाब मला फार बरा वाटतो.

घरातलं धान्य भरणं

व्हिडिओ बघून तांदूळ, राजमा भरणारे पुष्कळ आहेत. माझ्या मावसबहिणीने मे महिन्यात पाच किलो तांदूळ भरून ब्लँकेट शिवलं. जुलैत त्यातून पोरकिडे बाहेर पडून गादीवर चालायला लागले, आणि ओल धरलेल्या कोपऱ्यांना आंबूस वास सुटला. धान्य भरलं की ते धुताही येत नाही. काचेचे बारीक मणी घ्या. प्लास्टिकचे दाणे स्वस्त पडतात, पण हलके असल्यामुळे तितक्याच वजनाला ब्लँकेट फुगीर होतं आणि कूस बदलली की खुळखुळतं.

स्वतः शिवणार असाल तर खाने चार इंचांचे ठेवा. ४८ बाय ७२ इंचांत २१६ खाने होतात, म्हणजे ५ किलोला प्रत्येकी साधारण २३ ग्रॅम. ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून भरा. "अंदाजाने चमच्याने टाकते" म्हणणारीचे मणी एका बाजूला जास्त पडतात आणि ब्लँकेट तिकडेच ओघळतं. आधी उभ्या शिवणी, मग एकेक आडवी ओळ भरून लगेच दुहेरी टीप. याला दोन दिवस लागतात. एका दुपारीत उरकायचं असेल तर शिवायला बसूच नका.

दोघांत एक घेणं

नको. कडा पलंगाखाली लोंबल्या की वजन तिकडे खेचलं जातं, आणि एकाने कूस बदलली की दुसरा उघडा पडतो. ज्याला हवं त्याचं वेगळं, अंगापुरतं, पलंगाच्या आत राहील एवढं.

दोन रात्रींत निकाल लावणं

स्वीडनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैराश्य, चिंता, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) अशा त्रासांसोबत निद्रानाश असलेल्या १२० जणांना चार आठवडे पांघरूण दिलं होतं. काहींना आत साखळ्या घातलेलं ८ किलोचं, ते जड वाटलं तर ६ किलोचं, आणि बाकीच्यांना तुलनेसाठी हलकं. हलकं मिळालेल्यांपेक्षा जड मिळालेल्यांचा त्रास बराच जास्त कमी झाला. पण आपल्या अंगावर जड आहे की हलकं हे कुणापासून लपत नाही, त्यामुळे त्या निकालातला काही भाग नुसत्या विश्वासाचा असू शकतो. ब्रिटनमध्ये २०१४ साली ऑटिझम असलेल्या ६७ मुलांवर केलेल्या अभ्यासात झोपेची वेळ वाढली नाही, तरी मुलांना आणि पालकांना ते पांघरूण आवडलं. म्हणजे काहींना शांत वाटतं, काहींची झोपही सुधारते, सगळ्यांची नाही. मी गिऱ्हाइकाला हेच सांगते आणि तीन आठवडे थांबायला लावते. आजीच्या जड गोधडीखाली ज्याला लहानपणी चटकन झोप यायची, त्याला हे बहुधा मानवतं.

झोपेच्या गोळ्या मात्र ब्लँकेट आलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. महिनोन्‌महिने झोप नसेल तर त्यासाठी सीबीटी-आय नावाची, झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलण्याची, बिनगोळ्यांची उपचारपद्धत आहे. डॉक्टर आधी ती सुचवतात, त्याबद्दल विचारा.

धुणं आणि वाळवणं

अख्खं ब्लँकेट घरच्या मशीनमध्ये टाकू नका. ५ किलोचं पांघरूण पाणी प्यायलं की ड्रमला झेपत नाही. खोळ वेगळी शिवा, आतून आठ ठिकाणी नाड्या बांधा आणि तेवढीच धुवा. आतलं ब्लँकेट महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी गच्चीवर चटई टाकून आडवं पसरा. दोरीवर टाकलं तर शिवणी ताणून उसवतात. पावसाळ्यात घडी घालून कपाटात कोंबू नका, पलंगावरच पसरून ठेवा आणि दिवसा पंखा लावा.