पिल्लू हात-पाय चावायचं: माझा अनुभव
आमचा मोती, गावठी पिल्लू, तेव्हा अडीच महिन्यांचा. रोज संध्याकाळी 7 वाजले की घोटे, लेंग्याची नाडी, आजीच्या लुगड्याचा काठ, जे हलेल ते दातात. हातावर टाचणी टोचल्यासारखे ठिपके.

नाकावर टपली मारली, तोंड दाबून धरलं, ओरडलो. त्याला तो खेळच वाटला. ‘आई गं’ म्हणून कळवळलो, तर आणखी चेकाळला. पंधरा दिवस नुसता वैताग.

जमलं ते असं. दात लागला की हात सैल सोडायचा. झटक्यात ओढला तर तो मागे लागतो. मग न बोलता, त्याच्याकडे न बघता उठायचं आणि दारात आडव्या लावलेल्या फळीपलीकडे जायचं. 20-30 सेकंद, जास्त नाही. परत आलं की लगेच तोंडापुढे जुन्या पंच्याची गाठ, भिजवून फ्रीझरमध्ये कडक केलेली (समोर बसूनच द्या, चिंध्या गिळतात). ती चावली की शाबासकी. पुन्हा हात धरला की पुन्हा फळीपलीकडे. पहिल्या संध्याकाळी 14 वेळा उठलो. भाचा मधेच हाताने कुस्ती खेळायचा, त्यात चार दिवस वाया गेले.

खरी गोम झोपेत होती. या वयात पिल्लं दिवसाचे 18-20 तास झोपतात. आमचा माणसांच्या गडबडीत जागाच असायचा. 6 वाजताच अंधाऱ्या खोलीत झोपवायला लागलो आणि तमाशा निम्म्यावर आला.

दाताने खरचटलं किंवा रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टर गाठा.

तीन आठवड्यांत हाताला दात लागणं थांबलं. लुगड्याचा काठ अजून धरतो.