गंगापूरच्या पाण्याकाठी वायनरींचा एक निवांत दिवस: तयारीची यादी

आधी एक गोष्ट पक्की करा: एका दिवसात दोनच वायनरी, म्हणजे वाइन बनवण्याच्या जागा. नाशिकच्या आसपास पाण्याकाठच्या दोन बाजू आहेत. एक शहराला पाणी पुरवणाऱ्या गंगापूर धरणाची. तिथे गंगावऱ्हे-सावरगावच्या रस्त्याला यॉर्क आणि सोमा आहेत. दुसरी इगतपुरीकडची, मुकणे धरणाच्या काठावरच्या वॅलोनेची. दोन्ही एकाच दिवशी उरकायचा बेत केला की सगळा वेळ गाडीत जातो. पहिल्यांदा जात असाल तर गंगापूर घ्या. यॉर्क 2021 पासून सुला या मोठ्या वाइन कंपनीच्या मालकीची आहे, पण आकाराने अजून आटोपशीर आहे. वॅलोनेसाठी वेगळा दिवस ठेवा. वेलीवरच सुकू दिलेल्या शेनिन ब्लांक या पांढऱ्या द्राक्षाची त्यांची गोड वाइन जेवणानंतर सावकाश घेण्यासारखी आहे.

तारीख ठरवताना जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ धरा. तेव्हा तोडणी चालू असते, घड वेलीवर दिसतात आणि धरणातही बऱ्यापैकी पाणी असतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे तोडणीनंतरची वेलींची मोठी छाटणी होते, त्यानंतर बागेत बघण्यासारखं फार उरत नाही आणि पाणीही मागे सरून चिखलाचा काठ उघडा पडतो. शक्यतो मंगळवार-बुधवार गाठा. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते आणि वाइन ओतणाऱ्याला तुमच्याशी दोन शब्द बोलायलाही फुरसत नसते. 26 जानेवारीसारखा ड्राय डे, म्हणजे दारूविक्री बंद असलेला दिवस मध्ये येत नाही ना, हे बघून घ्या. आदल्या दिवशी फोन करून टेस्टिंगच्या, म्हणजे वाइन चाखण्याच्या वेळा विचारा आणि तळघरातली पिंपं दाखवणार का, हेही विचारा.

गाडी चालकासह ठरवा, किंवा सोबतच्यांपैकी एकाने त्या दिवशी थेंबही घ्यायचा नाही असं घरूनच ठरवून निघा. कायद्याची मर्यादा 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल इतकीच आहे आणि चार-पाच घोटांनंतर आपण कुठे आहोत याचा अंदाज कुणालाच येत नाही. तिकडे ऐनवेळी परतीची गाडी मिळेलच असंही नाही. वयाचा पुरावा प्रत्येकाने जवळ ठेवावा.

न्याहारी भरपेट करा, पण मिसळ नको. नाशिकची मिसळ मला जिवापाड आवडते, तरी तो तिखट रस्सा प्यायल्यावर जीभ तासन्‌तास दुसरं काही ऐकत नाही. पोहे, उपीट किंवा दही-थालीपीठ खा. अत्तर, सेंट, वासाची क्रीमं त्या दिवशी घरीच राहू द्या, कारण निम्मी चव नाकानेच कळते.

पिशवीत माणशी एक लिटर पाणी, टोपी, बागेत चालता येतील असे बूट, साधा पाव, छोटी वही आणि पेन्सिल असू द्या. संध्याकाळी पाण्यावरून गार वारा सुटतो, म्हणून एक स्वेटर घ्या. वही मात्र विसरू नका. तिसऱ्या ग्लासानंतर पहिल्याची आठवण पुसट होते.

टेस्टिंगला पांढऱ्यापासून सुरुवात करा, मग रोझे म्हणजे गुलाबी, लाल आणि शेवटी गोड. ग्लास दांडीला धरा, पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघा, हलकेच फिरवा आणि नाक आत घाला. शेनिनमध्ये पिकलेला पेरू सापडतो का बघा, सोव्हिन्यॉं ब्लांक या दुसऱ्या पांढऱ्या वाइनमध्ये हिरवी सिमला मिरची, शिराझ या लाल वाइनमध्ये मिरे. एक घोट तोंडात घोळवून बाजूच्या भांड्यात थुंकलात तर कुणी वाईट मानत नाही, ते भांडं त्यासाठीच असतं. दोन वायनरींच्या मध्ये जेवण आणि किमान दीड-दोन तासांची विश्रांती ठेवा. गंगापूर धरणावरच्या बोट क्लबवर जायचं असेल तर सकाळी, वाइनच्या आधी जा.

बाटल्या घ्यायच्या असतील तर डिकीत थर्माकोलची पेटी आणि बर्फाच्या दोन पिशव्या ठेवा. उन्हात उभ्या गाडीत वाइन तासाभरात शिजते, म्हणजे उष्णतेने बिघडते, मग कितीही चांगली असो. घरी आल्यावर दोन-चार दिवस अंधाऱ्या, थंड जागी राहू द्या. पांढरी फार साठवू नका, वर्ष-दोन वर्षांत संपवा आणि उघडण्याआधी फ्रिजमध्ये दोन-अडीच तास ठेवा.