जुन्या मातीच्या घराला मागून न्हाणीघर-स्वयंपाकघर जोडताना

खानापूर, बेळगावकडच्या जुन्या घरांना परड्याच्या बाजूने संडास-बाथरूम आणि मोठं स्वयंपाकघर जोडायचं असेल, तर नवा स्लॅब जुन्या भिंतीवर अजिबात टेकवू नका. मातीत रचलेली जांभ्याची भिंत आणि आरसीसीचं (सळई घातलेल्या काँक्रीटचं) नवं बांधकाम वेगवेगळं खचतं, त्यामुळे सांध्यात चीर पडतेच. बेळगावच्या पूर्वेकडच्या काळ्या मातीत तर ही चीर दरवर्षी रुंदावते. नव्या भागाला स्वतःचे कॉलम द्या आणि दोन्हींमध्ये २५ मिमी फट ठेवा. फटीत थर्माकोलची पट्टी घालून वरून लवचीक सीलंट भरा.

खरी गळती मात्र फटीच्या माथ्यावर होते. तिथे फट झाकणारा ॲल्युमिनियमचा पत्रा स्लॅबपासून किमान १५० मिमी उंचीवर जुन्या भिंतीत खाच पाडून बसवा, खाच लवचीक सीलंटनेच भरा (ओल्या चुन्याने ॲल्युमिनियम खराब होतं). स्लॅबचा उतार जुन्या घरापासून दूर काढा. जुनी पागोळी नव्या स्लॅबवर पडत असेल, तर पन्हळ आधी लावा.

जुन्या पायाच्या तळापेक्षा खोल चर त्याला लागून खणू नका. आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको: ओल आत कोंडते, गिलावा पापुद्र्याने सुटतो. १ भाग चुना, ३ भाग वाळू पुरे.