तत्त्वज्ञान शिकायला येताय? मग ‘द स्ट्रेंजर’ अशी वाचा

तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षात फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूची ‘द स्ट्रेंजर’ हमखास हातात येते. १९४२ साली फ्रेंचमध्ये आलेली ही छोटी कादंबरी दोन बैठकांत संपते, पण नंतर फार काळ छळते. ‘कादंबरीचा नायक मर्सो हा ॲब्सर्ड नायक’, म्हणजे जगण्याला ठरलेला अर्थ नाही हे ओळखून जगणारा, एवढं लिहून परीक्षेत मार्क मिळतील. वाचताना मात्र अस्तित्ववादाच्या (माणूस आपल्या निवडींतून स्वतःला घडवतो, या विचाराच्या) नोट्स बाजूला ठेवा.

पहिला भाग पेन्सिल घेऊन वाचा. आईच्या शवपेटीपाशी मर्सो कॉफी पितो, सिगारेट ओढतो. अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी मैत्रीण मारीबरोबर पोहतो, विनोदी सिनेमा पाहतो. पुढे अल्जिअर्सजवळच्या किनाऱ्यावर भर उन्हात एका अरबाला गोळी घालतो आणि थोडं थांबून आणखी चार गोळ्या झाडतो. त्याच्याविषयी जे वाटेल ते समासात लिहीत जा. दुसऱ्या भागात कोर्ट उभं राहतं. सरकारी वकील तीच कॉफी, तोच सिनेमा एका दोरीत ओवून त्यातून एक निर्दय माणूस तयार करतो. आता आपल्या समासातल्या नोंदी पाहा. माझ्या विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांच्या नोंदी वकिलाच्या भाषणाशी जुळतात, आणि मग वर्गात जी शांतता पसरते ती मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोलाची वाटते. सुट्या घटनांमधून आपण माणसाचा ‘स्वभाव’ कसा रचतो, हा प्रश्न या कादंबरीनं मला दिला. आजही कुणी ‘ती आहेच तशी’ म्हणालं, की मी विचारते, कशावरून?

अस्तित्ववादी तत्त्वज्ञ सार्त्रनं १९४३ मध्ये या कादंबरीवर लिहिलेला निबंधही जरूर वाचा. यातली वाक्यं बेटांसारखी सुटी आहेत, हे त्यानं नेमकं हेरलंय.

पण मेलेल्या त्या अरबाला कादंबरीत नावच नाही. कोर्टात चर्चा आईच्या अंत्यसंस्काराची जास्त, त्याची जवळजवळ नाहीच. अल्जेरियावर तेव्हा फ्रान्सची सत्ता होती, हे विसरून मर्सोच्या स्वातंत्र्याचं कौतुक करणं मला अपुरंच नाही, अन्यायाचं वाटतं. अल्जेरियन लेखक कामेल दाऊद यांनी २०१३ च्या कादंबरीत त्या माणसाला मूसा हे नाव दिलं. तिथे बोलतो त्याचा भाऊ. ती लगेच वाचा, वर्षभरानं नको.

तुरुंगात मर्सो पाद्र्यावर भडकतो, तो प्रसंग मोठ्यानं वाचा. एरवी तुटक बोलणारा हा माणूस तिथे दम न घेता बोलत सुटतो. ग्रीक पुराणात शिळा पुन्हा पुन्हा डोंगरावर ढकलत राहण्याची शिक्षा झालेल्या सिसिफसवरचा काम्यूचा निबंधही १९४२ चाच, पण तो त्यानंतरच उघडा.