मातीतली वस्ती बघायचीय? वर दिवा लावा

प्लास्टिकची बाटली कापून वरचा भाग नरसाळ्यासारखा खालच्या भागात उलटा बसवा. नरसाळ्यात दोन-तीन मिलिमीटर भोकांची जाळी (डासांची जाळी फार बारीक पडते), बाटलीच्या तळाला ओला टिश्यू पेपर. जाळीवर पालापाचोळा मिसळलेली मूठभर माती सैलसर पसरा आणि वर दिवा लावून एक-दोन दिवस ठेवा. दिवा म्हणजे जुन्या पद्धतीचा, तापणारा बल्ब हवा. एलईडीची ऊब पुरत नाही. फक्त तो बाटलीला टेकू देऊ नका.

माती वरून सुकते तसे जीव ओलाव्याच्या शोधात खाली सरकतात आणि टपकतात. भिंग लावा: टुणकन उडणारे पांढुरके स्प्रिंगटेल, मोहरीहून लहान, आठ पायांचे माइट. गांडुळं मात्र अशी सापडायची नाहीत, त्यांच्यासाठी खुरपंच घ्या.