जुनी अमेरिकन मोटार घरी दुरुस्त करताना या चुका टाळा

१९५५ ते १९७० या काळातल्या अमेरिकन मोटारी घरच्या दुरुस्तीला विलक्षण सोयीच्या आहेत. बॉनेट उघडले की कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा), डिस्ट्रिब्युटर (प्लगना आळीपाळीने वीज पोहोचवणारा), कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारे), पाण्याचा पंप असे सगळे समोर दिसते आणि हात आत घालायला जागाही असते. शिवाय एप्रिल १९६४ मध्ये बाजारात आलेल्या फोर्ड मस्टँगचे किंवा त्या काळातल्या शेव्हरोलेचे बहुतेक सुटे भाग आजही नवे मिळतात. मात्र हीच सोय बऱ्याच चुकांच्या मुळाशी असते. भाग हाताशी असल्यामुळे दोष कुठे आहे हे ठरण्याआधीच तो बदलला जातो, नव्या भागाबरोबर जुळणीतला एखादा नवा दोष येतो, आणि मग मूळ दोष कोणता व आपण आणलेला कोणता हे ओळखणेच अवघड होऊन बसते. या लेखात सांगितलेल्या बहुतेक चुका मोजमाप न करता हात घातल्याने होणाऱ्या आहेत.

गाडी नेमकी कोणती, हे न पाहणे

'मस्टँग आहे' किंवा 'शेव्हरोलेची इम्पाला आहे' एवढी माहिती दुरुस्तीला पुरत नाही, कारण त्या काळी मॉडेलचे वर्ष बदलले की आतल्या व्यवस्थाही बदलत. शेव्हरोलेने १९५५ च्या आणि फोर्डने १९५६ च्या मॉडेलपासून ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्टची विद्युतव्यवस्था स्वीकारली. त्याआधीच्या फोर्डमध्ये बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. तिथे सवयीने ऋण टोक अर्थ केले, तर अँमीटर उलटा दाखवू लागतो आणि रेडिओसारखी उपकरणे निकामी होऊ शकतात. चार्जिंगच्या बाबतीतही हीच खबरदारी हवी. सुरुवातीच्या मस्टँगना डायनॅमो होता आणि काही महिन्यांतच त्याची जागा अल्टरनेटरने घेतली. डायनॅमो बसवल्यावर त्याची ध्रुवता ठरवण्यासाठी क्षणभर थेट जोडणी देण्याची जुनी रीत आहे, पण तीच रीत अल्टरनेटरवर वापरली तर त्यातले डायोड जळतात.

गाडीच्या पन्नास-साठ वर्षांच्या आयुष्यात आधीच्या मालकांनी काय बदलले, हेही तपासावे लागते. साठच्या दशकातल्या मस्टँगच्या २८९ घनइंची व्ही-८ इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-४-२-६-३-७-८ असा आहे. अनेकांनी त्याच जागी ऐंशीच्या दशकातले ५ लिटरचे अधिक शक्तीचे इंजिन बसवलेले असते. बाहेरून ते बरेचसे सारखे दिसते, पण त्याचा क्रम १-३-७-२-६-५-४-८ आहे. गाडीच्या वर्षावर विसंबून प्लगच्या तारा लावल्या, तर इंजिन कसेबसे चालते आणि कार्ब्युरेटरमधून भडका उडतो. म्हणून इंजिनाच्या ब्लॉकवर ओतलेला क्रमांक आधी वाचावा, आणि त्या वर्षाचे कंपनीचे मूळ दुरुस्ती-पुस्तक विकत घ्यावे. अनेक मॉडेलांसाठी एकत्र लिहिलेली पुस्तके त्याची जागा घेऊ शकत नाहीत. कार्ब्युरेटर खरेदी करण्याआधी हा खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्ब्युरेटरवरचा खोटा आळ

गाडी मिसिंग करते, पिकअप घेत नाही, आयडलिंगला थरथरते, अशी तक्रार आली की पहिला संशय कार्ब्युरेटरवर जातो. तो उघडला जातो, किट बसवले जाते, सगळे स्क्रू फिरवले जातात आणि दोष मात्र तसाच राहतो, कारण तो बहुधा इग्निशनमध्ये असतो. त्यामुळे तपासणीचा क्रम पाळणे अत्यावश्यक आहे: आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), मग इग्निशन (ठिणगीची व्यवस्था), आणि या दोन्हींची खात्री पटल्यावरच कार्ब्युरेटर.

इग्निशनमध्ये पॉइंट्सची (डिस्ट्रिब्युटरमधल्या, कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांची) गॅप आणि टायमिंग (ठिणगी पडण्याचा क्षण) यांचा परस्परसंबंध लक्षात न घेणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. गॅप बदलली की पॉइंट्स उघडण्याचा क्षण बदलतो, आणि त्याबरोबर टायमिंगही सरकते. आधी टायमिंग लावून नंतर पॉइंट्स घासून-पुसून नव्याने बसवणाऱ्याचे पहिले काम वाया जाते. मस्टँगच्या २८९ इंजिनाला फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) ०.०१७ इंच गॅप ठेवतात. शेव्हरोलेच्या व्ही-८ इंजिनांत १९५७ पासून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला छोटी खिडकी आहे. तिच्यातून षटकोनी किल्ली घालून इंजिन चालू असतानाच ड्वेल (पॉइंट्स बंद राहतात तो कोन) ३० अंशांवर आणता येतो. ड्वेलमीटर नसेल तर इंजिन अडखळू लागेपर्यंत किल्ली उजवीकडे फिरवावी आणि मग अर्धा फेरा मागे घ्यावा. पॉइंट्स झिजलेले किंवा खड्डे पडलेले असतील तर फिलर गेजचे माप फसवे येते, म्हणून ड्वेलमीटर असल्यास त्याच्यावरच भिस्त ठेवावी.

त्यानंतर टायमिंग लावताना व्हॅक्यूम अॅडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे नेणाऱ्या भागाची) नळी काढून तिचे तोंड बंद करायचे राहून जाते. नळी तशीच जोडलेली राहिली, तर काही गाड्यांत आयडलिंगलाच टायमिंग पुढे गेलेले दिसते, आणि ते 'दुरुस्त' करण्याच्या नादात प्रत्यक्षात ते मागे ओढले जाते. असे इंजिन सुस्त चालते आणि तापते. याहून फसवी गोष्ट हार्मोनिक बॅलन्सरची, म्हणजे क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरच्या कंपने शोषणाऱ्या चाकाची आहे. त्याचे बाहेरचे कडे रबराच्या थरावर बसवलेले असते. रबर जुने झाले की कडे घसरते आणि त्याच्यावरची टायमिंगची खूण चुकीच्या जागी येते. टायमिंग लाइट खुणेवर बरोबर पडत असूनही गाडी नीट चालत नसेल, तर पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून तिथे पिस्टन-स्टॉप (पिस्टनला अडवणारा खुंटा) बसवावा, इंजिन हाताने दोन्ही दिशांना फिरवून पिस्टनचे सर्वोच्च स्थान शोधावे, आणि खूण त्याच्याशी जुळते का ते पाहावे.

डिस्ट्रिब्युटर बाहेर काढून पुन्हा बसवताना आणखी एक घोळ होतो. चार स्ट्रोकच्या चक्रात पिस्टन दोनदा वर येतो, आणि त्यांतल्या एकाच वेळी तो कॉम्प्रेशनवर असतो. दुसरी वेळ धरून डिस्ट्रिब्युटर बसवला तर रोटर अर्ध्या फेऱ्याने चुकतो. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर बोट ठेवून हवेचा दाब जाणवला, तरच तो कॉम्प्रेशन स्ट्रोक समजावा.

प्लगच्या तारा नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून एकत्र बांधू नयेत. शेव्हरोलेच्या १-८-४-३-६-५-७-२ या क्रमात ५ आणि ७ हे शेजारचे सिलिंडर लागोपाठ पेटतात. २८९ मध्ये तीच गोष्ट ७ आणि ८ ची आहे. या दोन तारा लांब अंतर एकमेकींना चिकटून गेल्या, तर एकीतला प्रवाह दुसरीत ठिणगी पाडू शकतो, आणि तो सिलिंडर वेळेआधी पेटतो. दोघींमध्ये अंतर ठेवावे किंवा त्या एकमेकींना काटकोनात ओलांडतील अशा बसवाव्यात.

पॉइंट्स वारंवार जळत असतील तर कॉइलला जाणारी तार पाहावी. १२ व्होल्टच्या या गाड्यांत इंजिन सुरू करताना कॉइलला विजेचा पूर्ण दाब मिळतो, पण एरवी रोधक तारेतून किंवा रोधकातून कमी झालेला, साधारण ७ ते ९ व्होल्टचा दाब मिळतो. मस्टँगमध्ये ही रोधक तार वायरिंगमध्येच असते आणि साध्या तारेसारखी दिसते. ती जुनी झाली म्हणून कोणी तिथे साधी तार ओढली, तर नवे पॉइंट्सही थोड्याच दिवसांत काळे पडतात. इंजिन चालू ठेवून कॉइलच्या धन टोकावर व्होल्टमीटर लावला की याचा निकाल लागतो.

पेट्रोल, हवा आणि गरम इंजिन

इग्निशनची खात्री पटल्यावर कार्ब्युरेटरकडे यावे, पण तेव्हाही तो लगेच उघडू नये. इंजिन बंद करून एअर क्लीनर काढावा, आत पाहत थ्रॉटल हाताने उघडावा. त्याच क्षणी पेट्रोलची धार दिसली पाहिजे. धार उशिरा आली किंवा आलीच नाही, तर पिकअप घेताना क्षणभर अडखळण्याचा दोष अॅक्सिलरेटर पंपाचा आहे. व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवेची ओढ मोजणारे) हे या गाड्यांसाठी सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित उपकरण आहे. समुद्रसपाटीवर निरोगी व्ही-८ इंजिन आयडलिंगला पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर काटा दाखवते, आणि उंचीवर दर हजार फुटांमागे सुमारे १ इंच कमी धरावा लागतो. काटा स्थिर पण कमी असेल तर उशिराचे टायमिंग किंवा हवेची गळती, आणि ठरावीक अंतराने खाली झटकत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, असे समजून पुढचा तपास करावा.

गाडी गरम झाल्यावर पुन्हा सुरू होत नाही, ही तक्रार फार सामान्य आहे आणि तिची दोन अगदी वेगळी कारणे एकमेकांत मिसळली जातात. स्टार्टर जोमाने फिरतो पण इंजिन पेटत नाही, तर इंधनाकडे पाहावे, कारण उष्णतेने नळीत वाफ धरलेली असू शकते. स्टार्टरच जड फिरतो, तर केबल आणि अर्थिंग तपासावे: इंजिन फिरवत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसला, तर दोष अर्थच्या पट्टीत किंवा तिच्या गंजलेल्या जोडात आहे. नवा स्टार्टर आणून तो सुटणार नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुन्या रबराच्या नळ्या आतून मऊ होऊन झडतात. हे अमेरिकेइतकेच आता भारतातही लागू आहे, म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या सुरुवातीलाच बसवाव्यात.

इंजिन तापू लागले की थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत सोडून द्यावी. तिने मूळ कारण जात नाही. रहदारीत तापणारी आणि हमरस्त्यावर थंड राहणारी गाडी हवेसाठी अडलेली असते: पंख्याभोवतीचे आवरण कोणी तरी काढून टाकलेले असते किंवा फॅन क्लच गेलेला असतो. वेगात तापणारी गाडी पाण्याच्या प्रवाहात अडलेली असते: रेडिएटर आतून भरलेला असतो किंवा खालची नळी पंपाच्या ओढीने चपटी होते.

ब्रेक

इथे चुकीची किंमत फार मोठी आहे, म्हणून हे काम घाईने करू नये. अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलपासून ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग सर्रास आले. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना एकच मार्ग आहे, आणि कुठेही एक नळी फुटली की सगळे ब्रेक जातात. गाडी नियमित चालवायची असेल तर दुहेरी मास्टर सिलिंडर बसवावा. मात्र पुढे डिस्क आणि मागे ड्रम असताना प्रत्येक बाजूला योग्य रेसिड्युअल व्हॉल्व्ह (नळीत थोडा दाब राखणारा) हवा. ड्रमला सुमारे १० पीएसआयचा उरलेला दाब चालतो, डिस्कला तोच दिला तर ब्रेक घासत राहतात.

ड्रम ब्रेकचे शू उलटे बसवले जाण्याची चूक मी असंख्य गाड्यांत पाहिली आहे. अस्तर आखूड असलेला शू गाडीच्या पुढच्या बाजूला आणि लांब अस्तराचा मागच्या बाजूला येतो. आपोआप जुळणाऱ्या अॅडजस्टरचे आटे डाव्या आणि उजव्या चाकांना उलटसुलट असतात. त्यांची अदलाबदल झाली तर ब्रेक जुळण्याऐवजी सैल होत जातात. म्हणून एका वेळी एकच चाक उघडावे आणि दुसरे नमुन्यासाठी बंद ठेवावे. त्या काळच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

एका चाकाचा ब्रेक धरून राहत असेल तर सिलिंडर बदलण्याआधी त्या चाकाचा ब्लीडर (हवा काढण्याचा स्क्रू) किंचित सैल करावा. थोडे तेल उडून चाक मोकळे झाले, तर दाब अडकलेला आहे, आणि बहुधा आतून फुगलेली जुनी रबरी नळी त्याला परत जाऊ देत नाही. चारही चाके धरत असतील तर मास्टर सिलिंडरच्या दांड्याला मोकळी जागा आहे का ते पाहावे. डॉट ५ हे सिलिकॉनचे ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळू नये.

जॅक, नट आणि पाने

गाडी सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांवर ठेवून खाली शिरणे हा जिवाशी खेळ आहे. असा ठोकळा सूचना न देता फुटतो. पण स्टँडही कुठे लावायचे हे गाडीवर अवलंबून असते. १९५८ ते १९६४ च्या इम्पालाचा सांगाडा इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराचा आहे, म्हणजे दारांखाली त्याच्या बाजूच्या दांड्याच नाहीत. तिथे जॅक लावला तर भार पत्र्यावर येतो. मस्टँगला वेगळा सांगाडाच नाही, त्यामुळे तिचेही आधारबिंदू पुस्तकात पाहूनच ठरवावेत.

क्रायस्लर गटाच्या त्या काळच्या अनेक गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात, आणि बऱ्याच वेळा बोल्टच्या टोकावर त्यासाठी 'एल' ही खूण असते. खूण न पाहता लांब दांडी लावून जोर केला की बोल्टच तुटतो. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जोडलेल्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो याच घराण्यातल्या असल्याने आपल्याकडच्या मालकांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी. सगळे नट इंचांच्या मापाचे आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे १३ चा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो.

तेल

या इंजिनांतले सपाट टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) कॅमशाफ्टवर घासत चालतात, आणि त्यांना जस्त-फॉस्फरसयुक्त तेल लागते. आधुनिक गाड्यांच्या पातळ तेलांत ते प्रमाण कमी केलेले असते. नवा कॅमशाफ्ट बसवला असेल तर पहिल्यांदा इंजिन सुरू होताच ते आयडलिंगला न ठेवता २० ते ३० मिनिटे, मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांच्या वेगावर चालवावे. म्हणजे टायमिंग, पेट्रोल, पाणी हे सगळे आधीच नीट जुळवलेले असले पाहिजे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये साठच्या दशकातल्या फोर्डला टाइप एफ आणि शेव्हरोलेला डेक्सरॉन प्रकारचे तेल लागते.

पत्र्याआधी पाणी

१९६५ ते १९६८ च्या मस्टँगमध्ये पायांखालचा पत्रा कुजलेला आढळला की लोक सरळ तो कापून नवा वेल्ड करतात. पण पाणी बहुधा वरून येते. काचेखालच्या हवेच्या जाळीमागे बंद कप्पा असतो, त्यात पाने आणि माती साचते, आणि कप्प्यातली हवेच्या मार्गाची कडी गंजून तिथून पाणी थेट आत टपकते. गालिचा काढून, आतल्या बाजूने डॅशबोर्डखाली टॉर्चने पाहत, जाळीवर एका बाजूने सावकाश पाणी ओतावे, आणि मग दुसऱ्या बाजूने. थेंब जिथे दिसेल तिथे कप्पा उघडून आधी तो दुरुस्त करावा, पुन्हा पाणी ओतून कोरडा राहतो याची खात्री करावी, आणि त्यानंतरच खालचा पत्रा कापायला घ्यावा.