आपल्या शहरात टुरिस्टने का यावं? शहरातल्याच लोकांना हे कसं विचारायचं

"आमच्या इथे काय आहे बघण्यासारखं?" हे वाक्य जवळपास प्रत्येक शहरात ऐकायला मिळतं, अगदी जिथे लोक लांबून मुद्दाम येतात तिथेसुद्धा. आणि हे नुसतं बोलणं म्हणून सोडून देता येत नाही, कारण कितीतरी पाहुणे हॉटेलात नाही तर मित्राकडे किंवा नातेवाइकांकडे उतरतात आणि दोन दिवसांत काय बघायचं हे तो घरचा माणूसच ठरवतो, त्यालाच जर वाटत असेल की काही नाही इथे तर पाहुणा मॉल बघून परत जातो. म्हणून पर्यटनासाठी काही करायचं असेल, अगदी छोटं ऑनलाइन पेज किंवा शहर पायी फिरवून दाखवणारा एखादा वॉक, तर आधी इथल्या लोकांच्या डोक्यात काय आहे ते काढा.

पहिली गोष्ट, "तुमचं शहर पर्यटनासाठी कसं आहे, 1 ते 5 मध्ये सांगा" असला प्रश्न टाकूच नका. घरच्या माणसाबद्दल परक्याने विचारलं की आपण चांगलंच सांगतो, तसंच इथे होतं, बहुतेक जण 4 देतात आणि त्या 4 मधून काहीच कळत नाही. मत विचारू नका, कृती विचारा. पाहुणा येतोय, हातात फक्त तीन तास आहेत, पहिलं कुठे न्याल? कुठल्या रस्त्याने न्याल, आणि कुठला रस्ता मुद्दाम टाळाल? हा टाळायचा रस्ता नक्की विचारा, लोकांना शहराची लाज कुठे वाटते ते तिथेच कळतं. आणि मग शेवटी, त्या ठिकाणी पाहुणे नसताना तुम्ही स्वतः शेवटचं कधी गेला होतात? "शाळेच्या सहलीला" असं उत्तर आलं तर समजा की ते ठिकाण अभिमानाच्या यादीत आहे, पण रोजच्या आयुष्यात नाही. माझ्या मते अख्ख्या सर्व्हेत हा एकच प्रश्न ठेवायचा म्हटलं तरी चालेल.

दुसरं म्हणजे कोरा कागद द्या आणि शहराचा नकाशा काढायला सांगा, फोन न बघता. केविन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराने बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या लोकांशी बोलून, त्यांच्याकडून नकाशे काढून घेऊन 1960 मध्ये मांडलं होतं की माणसाच्या मनातलं शहर रस्ते, कडा, भाग, चौक आणि खुणेच्या जागा यातून बनतं. चित्र चांगलं आलं की नाही ते बघू नका, काय सुटलंय ते बघा. नदी शहराच्या मधून जाते पण अर्ध्या कागदांवर नदीच नाही, स्टेशन मात्र तळहाताएवढं मोठं, आणि ज्या वास्तूचा फोटो प्रत्येक ब्रोशरवर असतो ती कुठेतरी कोपऱ्यात छोटा चौकोन. असे वीस-पंचवीस कागद शेजारी शेजारी ठेवले की बोलायची गरजच पडत नाही.

कोणाला विचारायचं? फक्त ओळखीतल्या, इतिहासाची आवड असलेल्या लोकांना विचारलंत तर उत्तर आधीच ठरलेलं आहे. पर्यटनावर पोट असणारे, अगदी त्या प्रसिद्ध ठिकाणाच्या शेजारी राहणारे, शहराच्या टोकाला राहणारे, आणि नुकतेच राहायला आलेले, असे सगळे हवेत. नवीन आलेल्यांना सोडू नका, त्यांची नजर अजून ताजी असते.

आता थोडा अवघड भाग, म्हणजे त्रास. टुरिस्ट वाढत गेले की स्थानिकांच्या भावना कशा बदलतात याच्या पायऱ्या जॉर्ज डॉक्सी या अभ्यासकाने 1975 मध्ये सांगितल्या होत्या, आधी उत्साह, मग उदासीनता, मग चीड, मग उघड विरोध. समजायला छान आहे, पण अख्खं शहर एका पायरीवर कधीच नसतं, एका गल्लीत लोक वैतागलेले असतात आणि दोन चौक सोडून लोक म्हणतात अजून येऊ द्या की. म्हणून "टुरिस्ट हवेत का" असं एकदम विचारू नका, घरभाडं, गर्दी, आवाज, कचरा, पाणी वेगवेगळं विचारा. बार्सिलोनात जुलै 2024 मध्ये लोकांनी टुरिस्टवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, पण त्या रागामागे मोठं कारण घरभाड्याचं होतं, आणि तिथल्या महापौरांनी त्याआधीच जूनमध्ये जाहीर केलं होतं की टुरिस्टना भाड्याने द्यायच्या फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपवणार. व्हेनिसच्या जुन्या शहरात 1951 च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहायचे, आता पन्नास हजारांपेक्षा कमी, आणि तिथे 25 एप्रिल 2024 पासून ठरावीक दिवशी, रात्री न राहता फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घ्यायला लागले. तक्रार नेमकी कळली तर उपायही नेमका निघतो.

सर्व्हे एकदाच करून थांबू नका. सीझनमध्ये एकदा आणि सीझन संपल्यावर एकदा, आणि मग काही वर्षांनी परत. मतं बदलतात, आयफेल टॉवरविरुद्ध 1887 मध्ये पॅरिसच्याच नामवंत लेखक-कलाकारांनी जाहीर पत्र काढलं होतं!

हे झालं की बाहेरून आलेल्यांचे ऑनलाइन रिव्ह्यू वाचा आणि त्यांनी नावं घेतलेल्या जागा इथल्या लोकांनी सांगितलेल्या जागांच्या यादीशेजारी लिहा. दोघांनी सांगितलेल्या जागा तशाही सगळ्यांना माहीत असतात. फक्त बाहेरच्यांना आवडलेल्या जागा इथल्या लोकांना दाखवा, त्यांना खरंच आश्चर्य वाटतं. आणि फक्त इथल्यांनी सांगितलेल्या जागा, या सगळ्यात मौल्यवान, पण कृपा करून त्या लगेच पोस्ट करू नका. आधी तिथे राहणाऱ्यांना विचारा. जपानमधल्या क्योटोच्या गिओन भागात टुरिस्ट गेइशांच्या, म्हणजे पारंपरिक नृत्य-संगीत करणाऱ्या कलावंत स्त्रियांच्या, मागे कॅमेरे घेऊन धावायला लागले म्हणून 2024 मध्ये तिथल्या खासगी गल्ल्या टुरिस्टना बंद कराव्या लागल्या. लोक नाही म्हणाले तर ती जागा यादीतून काढा, वाद घालू नका.

उत्तरं देताना जे लोक थांबतच नव्हते, बोलतच राहिले, त्यांचे नंबर मागून घ्या. न्यूयॉर्कमध्ये 1992 पासून असेच साधे रहिवासी पाहुण्यांना आपला भाग फुकट फिरवून दाखवायला लागले आणि नंतर ती पद्धत बऱ्याच देशांत गेली. तुमच्या पहिल्या वॉकला मात्र बाहेरचं कोणी नको, फक्त शहरातलेच लोक न्या, दीड-दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि संपल्यावर प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारा, यातलं आज पहिल्यांदा काय बघितलं आणि पाहुण्याला आणताना यातलं काय गाळाल.